चंद्रोदयाचा खड्डा

"हे बारा कुठून आले, ताई?" नाझनीननं विचारलं.

ती माझ्या खुर्चीत बसली होती आणि मी मागे उभी होते. दुसरी खुर्ची तिनं माझ्यासाठी ओढून ठेवली होती, पण मी बसले नाही. स्क्रीनवर आमच्या सर्व्हरांचा कन्सोल उघडा होता. त्यात तीन चौकटी असतात. कमीत कमी किती सर्व्हर, आत्ता किती, आणि जास्तीत जास्त किती. दर संकष्टीच्या संध्याकाळी या तिन्ही चौकटींत मी बारा लिहीत आले होते.

"बारा पुरतात," मी म्हटलं.

"पुरतात हो. पण बाराच का?"

पहिल्या वर्षी सहा लिहिले होते, तेव्हा सगळं कोसळलं. मग बारा लिहिले, ते टिकले. जे टिकलं त्याला हात लावायचा नाही, हा माझा स्वभाव. शिवाय गणपतीची बारा नावं मी रोज घेते, तेही मनात कुठंतरी होतंच. पण ते तिला काय सांगायचं?

तेवढ्यात हर्डीकर सर केबिनमधून बाहेर आले. कंपनी त्यांची. पूर्वी चहाचा कप हातात घेऊन ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत. त्या दिवशीही माझ्याच टेबलाशी आले, पण विचारलं तिला. काय म्हणतोय आपला नियम, अंगारकीला तयार होईल ना, म्हणाले. ती हसून म्हणाली, होईल सर. मी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत जप करत राहिले.

आमचं ऑफिस सांगलीत विश्रामबागेला, एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. पंचांगाचं ॲप होतं आमचं, तिथीसखा नावाचं; त्यावर लोक नैवेद्याचे फोटोही टाकायचे. एरवी तीन सर्व्हरांवर निवांत चालायचं. पण संकष्टीला उपास सोडायचा तो चंद्र पाहून, आणि चंद्रोदय प्रत्येक गावी वेगळ्या वेळी. त्यामुळे संध्याकाळ झाली की महाराष्ट्रभरची माणसं एकदम ॲप उघडायची. त्यात संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी असली, तर विचारायलाच नको.

संकष्टीला मी ऑफिसातून लवकर घरी यायची. सहाच्या सुमाराला न्हाऊन, ओल्या केसांनीच लॅपटॉप उघडायची, तिन्ही चौकटींत बारा लिहायची आणि स्क्रीनला हात जोडायची. मग मोदकांच्या मागे लागायची. सकाळी पूजा आटोपली की बाराचे पुन्हा तीन. पगार त्याचाच मिळत होता हे खरं, पण मनातून मी ते देवाचं काम धरलं होतं. चंद्राची वाट पाहणाऱ्या माणसांसाठी कुणीतरी दिवा लावून ठेवावा, तसं.

नाझनीन बारगीर नवरात्रात आमच्याकडे आली. मिरजेची. वडील सतारी बनवणारे कारागीर. पुण्यात मोठ्या कंपनीत काम करून, आईच्या दुखण्यामुळे परत आलेली. कामाला चोख, बोलायला मोकळी, आणि हसली की सगळं ऑफिस मान वर करून बघायचं. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिनं दारातल्या स्क्रीनवर रोजची तिथी आपोआप उमटेल असं करून ठेवलं. तोवर आल्या-आल्या सगळे मलाच विचारायचे, वैजयंतीबाई, आज काय? त्या दिवसापासून मला कुणी तिथी विचारेना.

त्या वर्षी चातुर्मासात कुणाला टाकून बोलायचं नाही असा नेम मी धरला होता. मी बोलले नाहीच. मनातल्या मनात बोलण्याला मात्र नेमात बंदी नव्हती.

सर्व्हर हातानं वाढवण्याची गरजच नाही, हे तिनं सरांना पहिल्या महिन्यातच पटवलं. लोड, म्हणजे ॲपवरची गर्दी, चढेल तसे सर्व्हर आपोआप चढतील, उतरेल तसे उतरतील. रात्रभर बारा सर्व्हर उगाच जागे कशाला ठेवायचे? सरांना ते फार आवडलं. कार्तिकात अंगारकी येत होती, तिथं हा नियम लावून पाहायचा असं ठरलं.

मला त्यांनी केबिनमध्ये बोलावून समजावलं. माझा चेहरा त्यांना दिसला असावा.

"हे बघा, अंगारकीच्या दिवशी नियमात कानामात्रा जरी बदलायची झाली, तरी तुमच्या फोनवर संमती मागितली जाईल," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाझनीनलाही काही करता येणार नाही. मग तर झालं? आणि अंगारकी नीट पार पडली की कन्सोल तिच्याकडे देऊन टाकू. तुम्हीही जरा निवांत व्हा."

निवांत हा शब्द मी घरापर्यंत मनात घोळवत आले. घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, बरं झालं की, सुटलीस, आता संकष्टीला लॅपटॉप नको. त्यांच्या पानात आमटी जरा जास्तच वाढली गेली.

अंगारकीच्या संध्याकाळी आम्ही दोघी ऑफिसात थांबलो. सरांचाही उपास, ते घरी पूजेला गेले. मी तांब्याचा कलश, पूजेचं ताट आणि मोदकांचा डबा घेऊन आले होते. लग्नानंतर प्रथमच माझं अर्घ्य घराबाहेर होणार होतं. ताट ठेवायला गच्चीवर गेले, तर पूर्वेकडचा कोपरा लख्ख झाडलेला आणि तिथं पाट मांडलेला.

"दुकानातून मागून आणला," नाझनीन मागून येत म्हणाली. "पूर्व हीच ना? दुपारी फोनवर बघून ठेवली."

हीच, म्हटलं. माझा पाटसुद्धा तिनंच मांडला होता.

खाली येऊन आम्ही स्क्रीनसमोर बसलो. ती माझ्या खुर्चीत, मी बाजूच्या. साडेसातनंतर लोड चढू लागला. चंद्र आधी नागपूरकडे उगवतो, मग मराठवाड्यात, मग आमच्याकडे, शेवटी कोकणात. तशीच माणसं येत होती. तिनाचे चार सर्व्हर झाले, मग पाच. कुणी हात लावला नाही. आकडा आपणहून बदलत होता आणि प्रत्येक वेळी नाझनीन हलकेच मान हलवत होती, कुणाची तरी तान जमल्यासारखी.

मी जप चालू ठेवला होता, पण देवाकडे काय मागत होते हे माझं मलाच धड कळत नव्हतं. सगळं कोसळावं असं नाही मागितलं. लोक उपाशी वाट बघत असताना असं कसं मागेन? पण एकदा, निदान एकदा तरी तिनं माझ्याकडे वळावं आणि म्हणावं, ताई, आता काय करू? एवढं मात्र मला हवं होतं.

ती वळली नाही. आठ वाजले. नऊ सर्व्हर झाले आणि आलेखातली लोडची रेघ टोकाला जाऊन थांबली.

आणि मग ती पडली. अशी पडली की मी जप विसरले. कड्यावरून दोर सुटावा तशी सरळ खाली.

"बंद पडलं का ॲप?" मी विचारलं.

"नाही ताई. तुमचा चंद्र उगवला." तिनं खिडकीकडे बोट केलं. समोरच्या इमारतीच्या टाकीमागून तांबूस कड वर येत होती. "लोकांनी फोन खाली ठेवले."

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. त्या वेळी मी कधीच स्क्रीनसमोर नसे, त्यामुळे हे कधी पाहिलंच नव्हतं. पण त्या रेघेकडे बघत राहायलाही मला फुरसत नव्हती. मला दुसरंच काही दिसलं होतं.

"मग आता तुझे सर्व्हरही उतरणार," मी म्हटलं. "लोड उतरेल तसे उतरतील म्हणाली होतीस. आणि पूजा करून माणसं परत आली की?"

माझ्या आवाजात जे होतं ते मला ऐकू आलं. तिला आलं की नाही, कोण जाणे.

"उतरणार नाहीत. त्यांना थांबायला सांगितलंय. लोड कितीही पडू दे, वीस मिनिटं एकही सर्व्हर काढायचा नाही."

"तुला काय माहीत माणसं परत येतील?"

ती जराशी लाजली. मग सांगू लागली. दोन वर्षांच्या संकष्ट्यांचे आलेख तिनं काढून पाहिले होते. प्रत्येक चंद्रोदयाला हा खड्डा होताच. आधी तिला वाटलं, यंत्राचंच काहीतरी चुकतंय. मग तिला त्यांची मिरजेतली गल्ली आठवली. रमझानात रोजा सोडायची वेळ झाली की सगळी गल्ली गप्प. फोन वाजला तरी कुणी बघत नाही. आणि थोड्या वेळानं सगळ्यांचेच फोन एकदम सुरू.

"जुने आलेख तासातासाचेच उरतात," ती म्हणाली. "त्यात खड्डा आहे एवढं कळतं, किती लांब आहे ते नाही कळत. मागच्या संकष्टीला माझ्याकडे कन्सोलची चावीच नव्हती. म्हणून आमच्या घरचा अंदाज धरला. खजूर, पाणी, नमाज. वीस मिनिटांत माणूस परत फोनवर."

माझ्या व्रतातलं जे मला ठाऊक नव्हतं, ते तिनं तिच्या रोज्यावरून ओळखलं होतं.

"जा ताई, चंद्र वर आला," ती म्हणाली. "मी आहे इथं."

मी आहे इथं. इतकी वर्षं हे वाक्य मी सरांना म्हणत आले होते.

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला, पर्स टेबलावर ठेवली. चंद्रोदय झाल्यापासून नैवेद्य दाखवून होईपर्यंत फोनला शिवायचं नाही, हा माझा जुना नेम. एकदा अर्घ्य देताना फोन खणखणला आणि हातातलं पाणी भलतीकडेच सांडलं, तेव्हा धरलेला. हात धुतले, कलश भरून घेतला आणि जिना चढू लागले.

चढता चढता मी पुढचं मनात लावू लागले, रोजची सवय. आधी अर्घ्य, मग पूजा, आरती, नैवेद्य. घरी असते तर मग पानं घ्यायची, गरम मोदकांवर तूप वाढायचं, सगळे दिवसभराचे उपाशी, त्यांना आग्रह करायचा. मग आवराआवर. मोदकांचा फोटो काढायचा तो चंद्रोदयाआधी, पण ॲपवर टाकायचा तो जेवून, हात धुऊन, सोफ्यावर टेकल्यावर. वीस मिनिटांत आमच्याकडे आरतीसुद्धा धड संपत नाही.

मी थांबले.

वीस मिनिटांनी सर्व्हर उतरायला लागतील. नवाचे तीन होतील; एकेक नवा सर्व्हर उभा राहायला काही मिनिटं लागतात. आणि मग अख्ख्या महाराष्ट्राचे मोदक त्या तिघांवर येऊन पडतील.

गच्चीचं दार उघडंच होतं आणि दारातून चंद्र दिसत होता. आता पुरता वर आला होता. तिनं मला विचारलं नव्हतं. नियम तिचा, अंदाज तिचा. मला काही करायचं नव्हतं, फक्त वर जाऊन पूजा करायची होती. पूजा करण्यात कुणाला दोष दिसला असता? उद्या सर पुन्हा चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले असते.

कलशातलं पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं, तेव्हा मी खाली उतरत होते असं माझ्या लक्षात आलं.

"वीस पुरायचे नाहीत," मी दारातूनच म्हटलं.

नाझनीन वळली. "मग किती?"

"तास धर."

"पूर्ण तास?"

"तुमच्याकडे खजूर तोंडात टाकला की झालं. आमच्याकडे मोदक असतात. ते वाढायचे असतात, खायचे असतात, मग सुनेनं केलेले सासूच्यापेक्षा बरे झाले का यावर बोलायचं असतं."

ती खळखळून हसली. वाद घातला नाही, का कसं विचारलं नाही. वीस खोडून साठ लिहिले. आणि तिचं हसू थांबलं. स्क्रीनवर ओळ आली होती: बदलासाठी वैजयंती यांची संमती हवी.

दोघींनी टेबलावरच्या पर्सकडे पाहिलं.

मी तिला नेम सांगितला. सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण संमतीची ही अट माझ्याच समाधानासाठी घातलेली होती. ती म्हणाली, राहू दे ताई, मी सरांना फोन करते. सर पूजेला बसले असणार, त्यांचा फोन बाहेर ठेवलेला असणार. तेही त्या खड्ड्यातच होते. तिनं लावला, वाजून वाजून थांबला.

"माझ्यासाठी नेम मोडू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "पडले सर्व्हर तर पडू देत. माझा अंदाज चुकला, मी सरांना तसं सांगेन."

"तुझ्यासाठी नाही मोडत," मी म्हटलं. आवाज जरा कडकच लागला. "मोडतच नाही. पर्स उघड. फोन काढ. आकडे मी सांगते."

ती जागची हलली नाही. "ताई, या फोनमध्ये तुमचं सगळं आहे. कन्सोलची चावीसुद्धा."

"माहीत आहे मला."

मी आकडे सांगितले. चारच आकडे, पण तोंडातून बाहेर पडताना एकेक जड झाला. तिनं फोन चालू केला, संमतीचा प्रश्न वर आला. तिनं लगेच बोट ठेवलं नाही. फोन माझ्याकडे वळवून धरला, मला वाचता येईल असा.

"तुम्ही सांगा."

"दाब," मी म्हटलं.

मग पुन्हा हात धुतले, कलश पुन्हा भरला आणि वर गेले. अर्घ्य दिलं, पूजा केली, आरती म्हटली. घाई केली नाही. खाली काय चाललं असेल असं एकदाही मनात आलं नाही म्हणाले तर खोटं होईल.

नैवेद्य दाखवून डबा घेऊन खाली आले, तेव्हा रेघ अजून तळाशीच होती. वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती. नऊच्या नऊ सर्व्हर उभे होते, काही काम नसताना, पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्या माणसांसारखे. नाझनीन माझ्या खुर्चीतून उठून बाजूच्या खुर्चीत बसली होती. माझी खुर्ची रिकामी होती. मी उभीच राहिले.

मग रेघ हलली. आधी पूर्वेकडची माणसं आली असतील. बघता बघता ती उभी भिंत झाली. फोटो येत होते, शेकड्यांनी, हजारांनी. केळीच्या पानावरचे मोदक, स्टीलच्या ताटातले मोदक, फुटलेले मोदक. नऊ सर्व्हर भरले, दहावा आपोआप आला, अकरावाही आला. काही कोसळलं नाही. नाझनीननं मागे टेकून डोळे मिटून घेतले.

मी डबा तिच्यापुढे केला. तिनं एक मोदक खाल्ला, दुसरा उचलला.

"बाराव्याची गरज पडली नाही, ताई," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली.

"खा गुमान," मी म्हटलं.

मग मी तिला विचारलं. तासातासाच्या आलेखात तो खड्डा म्हणजे जेमतेम एक खळगा दिसत असणार. यंत्राची चूक म्हणून सोडून देणं सोपं होतं. माणसंच फोन ठेवून गेली आहेत, हे इतकं खात्रीनं कशावरून धरलं?

"तुमच्यावरून," ती म्हणाली. "तुमची लॉगिनची नोंद बघितली. दर संकष्टीला सहाला येता, बारा लिहिता. आणि मग थेट सकाळी. मध्ये एकदाही नाही. एवढी काळजी करणारी बाई ऐन गर्दीच्या वेळी एकदाही डोकावत नाही, म्हणजे त्या वेळी याच्यापेक्षा मोठं काहीतरी असणार. मग कळलं, खड्ड्यात तुम्हीही असता."

मी खुर्ची ओढली आणि बसले. बाजूला तिची होती, ही माझी.

दुसऱ्या दिवशी सरांना मीच सांगायचं असं रात्रभर ठरवत होते. तिचं नाव मोठ्या मनानं घ्यायचं, नियम तिचा, हुशारी तिची, असं. सकाळी पूजा आटोपून ऑफिसात पोचले तर सर माझीच वाट बघत उभे. नाझनीननं सगळं सांगून टाकलेलं होतं. ताईंनी वाचवलं सर, नाहीतर माझे वीस मिनिटांत बारा वाजले असते. श्रेय देण्यातही ती माझ्या आधी पोचली होती.

कन्सोल तिच्याकडेच गेला. काही वर्षांनी आई बरी झाली, तिचं लग्न झालं, ती पुण्याला निघून गेली. जाताना कन्सोल माझ्याकडे परत देऊ का, असं सर म्हणाले, तर मीच नको म्हटलं. एक तास थांबायचा तो नियम अजून तसाच आहे. संकष्टीला आता कुणीच लॉगिन करत नाही.

मी घरच्या गच्चीवर अर्घ्य देते. कलश वर उचलला, डोळे मिटले, की चंद्राच्या आधी ती रेघ दिसते. नागपूरपासून कोकणापर्यंत लाख माणसं हातातला फोन खाली ठेवतात, आणि रेघ खाली, आणखी खाली जाते. इतकी वर्षं मी त्या रेघेत होते आणि मला ती कधी दिसली नव्हती. मी देवाकडे काही मागत नाही आता. त्यानं पुष्कळ दिलं. फक्त पाणी सोडताना दर वेळी हळूच ऐकवते त्याला: माझं होतं ते, आणि दाखवलंस तिला आधी.